‘नाही’ आणि ‘कमी’ इंग्रजीत लिहिताना

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी मराठी उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर करतात, तेव्हा अभाव, टंचाई, तूट, उणीव या सगळ्यांसाठी त्यांच्या लेखणीतून बहुधा ‘लॅक’ हा एकच शब्द उतरतो. वाक्य त्यामुळे चुकतेच असे नाही, पण अर्थ मात्र पुसट होतो. म्हणून शब्द लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: ती गोष्ट मुळीच नाही की अपुरी आहे, ती तिथे असायला हवी होती का, आणि आधी असलेली ती आता गेली आहे का?

गोष्ट मुळीच नसेल आणि त्याबद्दल तक्रारही नसेल, तर ‘ॲबसेन्स’ वापरावा. ‘लॅक’मध्ये सहसा अपेक्षाभंग असतो, जे असायला हवे होते ते नाही किंवा पुरेसे नाही, असे तो सुचवतो. त्याच्या व्याकरणात मात्र हमखास घोटाळा होतो. नाम असताना त्याच्यापुढे ‘ऑफ’ येतो, क्रियापद असताना येत नाही. म्हणून ‘लॅक ऑफ कॉन्फिडन्स’ बरोबर आणि ‘शी लॅक्स कॉन्फिडन्स’ही बरोबर, पण ‘शी लॅक्स ऑफ कॉन्फिडन्स’ चूक.

अपुरेपणासाठीचे शब्द अधिक नेमके आहेत. गरजेपुरता पुरवठा तूर्त होत नसेल तर ‘शॉर्टेज’, एखादी गोष्ट मुळातच दुर्मिळ असेल किंवा टंचाई दीर्घकाळची असेल तर ‘स्केअर्सिटी’, शरीरात लोह किंवा जीवनसत्त्व कमी असेल तर ‘डेफिशियन्सी’, आणि आकड्यांतील तूट दाखवायची असेल तर ‘डेफिसिट’. अर्थसंकल्पातील तुटीला ‘शॉर्टेज’ म्हणता येत नाही. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या कार्यालयाला आजही शिमला ऑफिस म्हणतात. या खात्याची परिभाषा नेमकेपणाचा उत्तम धडा देते. पाऊस सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी असेल तरच तो ‘डेफिशियंट’ ठरतो, ६० ते ९९ टक्के कमी असेल तर ‘लार्ज डेफिशियंट’, आणि पाऊस मुळीच नसेल तर ‘नो रेन’; १९ टक्क्यांपर्यंतची तूट मात्र ‘नॉर्मल’मध्येच धरली जाते. वर्तमानपत्रातील ‘पावसाने ओढ दिली’ या वाक्याचे भाषांतर करताना म्हणूनच आधी आकडा पाहावा.

असलेले गेले असेल तर ‘बिरेफ्ट’, आणि ते कोणी हिरावले किंवा मिळू दिले नसेल तर ‘डिप्राइव्ह्ड’. काय गेले ते सांगायचे असेल तर दोन्हींपुढे ‘ऑफ’ हवाच. ‘डिव्हॉइड ऑफ’ म्हणजे पूर्ण रिकामेपण, त्यामुळे त्याच्या जोडीला ‘थोडेसे’ अशा अर्थाचा शब्द शोभत नाही.

प्रत्ययांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ‘लेस’ आणि ‘फ्री’ हे दोन्ही ‘विना’ या अर्थाचे असले तरी ‘फ्री’मध्ये सुटकेचा भाव असतो. ‘केअरलेस’ म्हणजे निष्काळजी, तर ‘केअरफ्री’ म्हणजे निश्चिंत. ‘चाइल्डलेस’मध्ये उणीव जाणवते, ‘चाइल्डफ्री’मध्ये स्वतःचा निर्णय. ‘प्राइसलेस’ म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. कवडीमोलासाठी ‘वर्थलेस’ आहे.

माझ्या मते सर्वांत जास्त सराव हवा तो ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यांचा, कारण तिथे एका ‘अ’मुळे वाक्याचा रोख उलटतो. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसे कोणी आले नाही. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडेफार लोक आले. संख्या दोन्हीकडे तीच असू शकते, पण पहिल्या वाक्यात निराशा आहे आणि दुसऱ्यात समाधान. मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी हाच भेद ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांच्यात असतो. ‘हार्डली’मध्ये नकार आधीच असल्याने त्याच्यासोबत ‘नॉट’ लिहू नये.

लोणावळा लोकलमध्ये एखादा ‘विदाऊट पकडला गेला’ हे आपल्या बोलण्यात चालते, पण इंग्रजीत ‘विदाऊट अ टिकिट’ असे पूर्ण लिहावे लागते. ‘न विचारता’ यासाठी ‘विदाऊट आस्किंग’ लिहावे; ‘विदाऊट’नंतर ‘नो’ येत नाही, ‘एनी’ येतो.

सरावासाठी उन्हाळ्यातील पाणीकपातीची बातमी घ्यावी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतील साठ्याचा आकडा सरासरीपेक्षा घटला असेल तिथे ‘डेफिसिट’, पेठांतल्या नळांना पाणी अपुरे येत असेल तिथे ‘शॉर्टेज’, आणि नियोजन झालेच नाही अशी टीका असेल तिथे ‘लॅक’ लिहून पाहावा. मग या तीन शब्दांची जागा आपापसांत बदलून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचावे आणि कुठे अर्थ बिघडतो ते वहीत टिपून ठेवावे.