वाइल्डकॅट रायफलसाठी पुंगळ्या फायरफॉर्म करताय? या चुका टाळा

वाइल्डकॅट म्हणजे तयार काडतुसाची पुंगळी (दारू आणि गोळी धरणारी पितळी नळी) बदलून बनवलेलं काडतूस. ती नव्या आकाराच्या चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या काडतुसाच्या खोबणीत, उडवून तिला तो आकार देणं म्हणजे फायरफॉर्म करणं. तिसऱ्या-चौथ्यांदा भरलेली पुंगळी बुडाजवळ तुटली की खापर बंदुकीच्या दारूच्या मापावर फुटतं. मी अशा पुंगळ्या उभ्या कापून पाहिल्या आहेत. बहुतेकींचा घात पहिल्याच बाराला झालेला असतो.

.२८० रेमिंग्टनची पुंगळी .२८० ॲकली इम्प्रूव्हडच्या चेंबरमध्ये उडवली की तिचा साडेसतरा अंशांचा खांदा (नेकच्या, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाच्या, खालचा उतार) ४० अंशांचा होतो. पण उडायच्या आधी ती बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या खिट्टीला, घट्ट टेकलेली हवी. सैल असेल तर फायरिंग पिन तिला पुढे ढकलते, दाबाने तिची भिंत चेंबरला चिकटते आणि बूड तेवढं मागे सरकतं. मधलं पितळ ताणून पातळ होतं, आणि हे बाहेरून दिसत नाही.

म्हणून अमेरिकी बंदूक-कारागीर पी. ओ. ॲकली यांच्या पद्धतीत चेंबरचा हेडस्पेस (बोल्टपासून खांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर) मूळ काडतुसाच्या 'गो' गेजपेक्षा, म्हणजे किमान अंतर तपासायच्या मापकापेक्षा, सुमारे ०.००४ इंच कमी ठेवतात. मूळ काडतूस घातल्यावर बोल्ट किंचित जोर लावून बंद झाला पाहिजे. काही कारागीर बॅरल मागे न घेताच जुन्या चेंबरमध्ये रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) फिरवून देतात. अशी रायफल घेऊ नका, आणि घेतलीच असेल तर आधी गेजने तपासून घ्या.

६ मिमी डॅशरसारख्या काडतुसात खांदा पुढे सरकवायचा असतो, त्यामुळे टेकायला काहीच नसतं. तिथे नेक आधी मोठी करून परत लहान करतात, म्हणजे मधे एक खोटा खांदा तयार होतो. दुसरा मार्ग गोळी रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळदार खाचांना) टेकेल इतकी बाहेर बसवण्याचा. त्याने दाब वाढतो, म्हणून माप मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यावरच ठेवा. अगदी हलकं मापही नको, खांदा अर्धवट गोल राहतो.

पुंगळीला तेल लावून बार काढू नका. भिंतीची पकड सुटते आणि सगळा जोर बोल्टवर येतो. साइझिंगचं (पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणतानाचं) वंगणही पुसून टाका.

नेक फाटत असतील तर आधी ॲनील करा, म्हणजे तापवून मऊ करा. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. घडवताना ते कडक होतं. उष्णता फक्त नेक आणि खांद्याला द्यायची. बूड मऊ पडलं तर ती पुंगळी फेकूनच द्या, वाचवण्याचा मोह नको. नेक लहान केल्यावर भिंत जाड होते, तेव्हा भरलेल्या काडतुसाची नेक मोजून चेंबरशी ताडून पाहा. जागा नसेल तर गोळी सुटत नाही आणि दाब भडकतो.

फायरफॉर्म झालेल्या पुंगळीत दारू जास्त मावते. तिच्यासाठीचं माप न घडलेल्या पुंगळीत कधीही भरू नका. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा, वर ठळक लिहा.

प्रत्येक वेळी भरण्याआधी टोकाला वाकवलेली अणकुचीदार तार आतून बुडाकडून वर ओढा. खाच लागली की पुंगळी मोडीत.

हे सगळं अमेरिकेसारख्या, रीलोडिंगला (पुंगळ्या घरी पुन्हा भरायला) मुभा असलेल्या देशातलं. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. सुट्टीवर भारतात गेल्यावर तिथल्या मित्रांना हे करून दाखवू नका.