वांद्र्याच्या फॅमिली कोर्टाची पायरी चढण्याआधी

घटस्फोट घ्यायचं पक्कं झालं की बहुतेक जणी आधी वकील शोधतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी कागद शोधा. एकदा घर सोडलं की ते कपाट पुन्हा उघडायला मिळेलच असं नाही. मात्र घरात मारहाण होत असेल तर कागदांसाठी थांबू नका, 112 ला फोन करा आणि बाहेर पडा. बाकीचं मागाहून होतं.

विवाह नोंदणीचा दाखला हवा. नोंदणी केली नसेल तर लग्नपत्रिका आणि विधींचे फोटो काढून ठेवा. आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्ट. मग पैशाचे कागद: पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट, इन्कम टॅक्सचे रिटर्न, घराच्या कर्जाचे हप्ते, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा भाडेकरार. पोटगी मागितली की दोघांनाही आपापल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये घालून दिलं आहे. म्हणजे तुमचंही खातं उघडं होणार. काही लपवू नका.

दागिन्यांकडे मात्र जरा बसून बघा. माहेरून आलेलं, सासरी भेट मिळालेलं, ते स्त्रीधन तुमचं. पण पाटल्यांची पावती वीस वर्षं कोण जपतं? अशा वेळी लग्नाचा अल्बम कामाला येतो. ओटी भरतानाच्या फोटोत हातातल्या पाटल्या, गळ्यातला राणीहार स्पष्ट दिसतो. त्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्या, कोणता दागिना कोणी दिला ते वहीत लिहा, लॉकर कोणाच्या नावावर आहे ते बँकेत विचारून घ्या.

'वर्षभर वेगळं राहायला हवं ना, मग मुंबईत दुसरी खोली कुठून आणू?' हा प्रश्न हमखास येतो. हिंदू विवाह कायद्याने परस्पर संमतीचा अर्ज करायचा तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पण नवरा-बायको म्हणून संबंध उरला नसेल तर एका छपराखाली राहूनही ते वेगळं राहणं धरलं जातं. अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते. योग्य प्रकरणात ती माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. आणि अंतिम हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, त्यामुळे घाईत कुणी पुढ्यात कोरा स्टॅम्प पेपर ठेवला तर सही करू नका. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल, किंवा तुम्ही मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी असाल, तर कायदा वेगळा लागू होतो. ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून लगेच बॅग भरू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संसार केलेल्या घरात राहण्याचा हक्क मिळतो, मालकी कोणाचीही असो. कायद्याची रीतसर प्रक्रिया केल्याशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही.

मुलांचं सगळ्यात अवघड. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, पण कोर्ट बघतं ते मुलाचं हित. शाळेत कोण सोडतं, डॉक्टरकडे कोण नेतं, फी कोण भरतं, याच्या पावत्या ठेवा. शनिवार-रविवार, गणपती, मे महिन्याची सुट्टी मूल कुठे राहील हे आधीच मनाशी ठरवा, कारण कोर्टातले समुपदेशक हेच विचारतील. त्यांच्यासमोर नवऱ्याच्या चुकांचा पाढा वाचण्यापेक्षा मुलाचा दिवस कसा जातो ते सांगा. आणि मुलाला निरोप्या बनवू नका, कृपा करून.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हुकूम झाला की त्याची सर्टिफाइड कॉपी घ्या, आणि पीएफ, विमा, बँक खाती यांवरचं नॉमिनीचं नाव त्याच आठवड्यात बदला.