सेंटरला ऍडमिट होताय? बॅग, सही आणि आतला दिवस

मानसोपचाराच्या निवासी सेंटरला जायचं ठरलं की घरात नुसती कुजबूज सुरू होते, बॅग भरायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही, म्हणून आधी तेच सांगते. नाडीचा पायजमा नको, इलॅस्टिकचा घ्या. बेल्ट, ओढणी, चार्जरची वायर, रेझर, काचेचं काहीही बहुतेक ठिकाणी दारातच काढून घेतात, मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांचंच घेतात. जुन्या औषधांची फाईल हवीच. आणि चार नंबर कागदावर लिहून न्या, मोबाईल बऱ्याचदा जमा करावा लागतो आणि आजकाल सख्ख्या भावाचा नंबर पाठ कुणाला असतो.

सही करताना मात्र घाई नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे स्वतःच्या अर्जावर ऍडमिट झालात तर डिस्चार्जही स्वतः मागता येतो, तपासणीसाठी फार तर 24 तास थांबवतात. तब्येत इतकी बिघडलीय की स्वतः ठरवणं जमत नाही, तर तुमच्या प्रतिनिधीच्या, म्हणजे तुमच्या वतीने ठरवणाऱ्या माणसाच्या, अर्जावर घेतात, ते आधी 30 दिवसांपर्यंत. जबरदस्तीने टक्कल करणं, युनिफॉर्मची सक्ती, साखळीने बांधणं, भूल न देता शॉक देणं, यातलं काहीही कायद्यात बसत नाही. "आमच्याकडे असंच असतं" म्हणाले तर बॅग उचला आणि दुसरं सेंटर बघा.

आतला दिवस साधारण असा. पहाटेच उठवतात, चहा, बीपी, नाश्ता, मग गोळ्यांची लाईन. सिस्टरसमोर गिळायची, आ करायचा, जीभ वर करून दाखवायची, पहिले दोन दिवस शाळेत असल्यासारखं वाटतं. लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी गोळी, चालू असेल तर रक्त रात्रीच्या डोसनंतर साधारण 12 तासांनी घेतात, त्या दिवशी सकाळची गोळी आधीच तोंडात टाकू नका, सिस्टरला विचारा. नंतर ग्रुप, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून बोलायचं. सुरुवातीला "आज नुसतं ऐकतो" म्हटलं तरी चालतं, पण उठून जाऊ नका.

खरी परीक्षा दुपारची. जेवण झालंय, गोळ्यांची गुंगी आहे, टीव्हीवर तीच सिरियल आणि कॅरमला स्ट्रायकरच नाही. झोपलात की रात्रीची झोप गेली, मग नाईट ड्यूटीच्या मामांना पिडत बसायचं. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या मावशी बसू देत असतील तर त्यांच्यासमोर कोथिंबिरीची जुडी सोडून बसा, पिवळी पानं वेगळी, काड्या वेगळ्या, अर्धा तास आरामात जातो आणि गप्पा मावशीच मारतात, आपण नुसतं हं हं करायचं. मन लागत नाही म्हणून राऊंडला डॉक्टरांशी खोटं बोलू नका. भूक वाढली, हात थरथरतात, पोट साफ नाही, सगळं सांगा, डोस त्यावरच बदलतात.

घरच्यांना आधीच बजावा, भेटायला आलात की "कधी बरा होणार" विचारायचं नाही, घरचं मांजर काय करतंय ते सांगा.

डिस्चार्जच्या दिवशी समरी, गोळ्यांचं वेळापत्रक आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय रिक्षात बसू नका. मधेच जड गेलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात.