तोंड एक बोलतं, हात दुसरंच करतो : रोजच्या जगण्यावर स्फुट कसं लिहावं

रोजच्या जगण्यावरचं स्फुट म्हणजे छोटासा लेख : ६०० ते ८०० शब्दांत माणसाची एक खोड. एकच. दोन घेतल्या की दोन्ही अर्ध्या राहतात आणि वाचणाऱ्याला यादी वाचल्यासारखं होतं.

खोड ओळखायची कशी? तोंड एक बोलत असतं आणि त्याच वेळी हात दुसरंच करत असतो, तिथे ती सापडते. भाजीवालीला ‘राहू दे गं, कशाला’ म्हणता म्हणता कोथिंबिरीच्या काडीसाठी उघडी धरलेली पिशवी. ‘येतेय, येतेय’ म्हणताना लिफ्टचं आधीच पेटलेलं बटण पुन्हा एकदा दाबणारं बोट. ‘नको हो, पोट भरलं’ म्हणताना दोन इंच पुढे आलेलं ताट. या दोन गोष्टींपैकी एकच टिपली तर लेख होत नाही. नुसतं बोलणं टिपलं तर संवाद होतो, नुसती कृती टिपली तर तक्रार होते. दोन्ही एकाच क्षणी टिपावी लागतात.

कच्चा माल कुठे मिळतो

माणसाला काहीतरी छोटंसं हवं असतं आणि चारचौघांत ते मागायचा संकोच असतो, अशा जागा निवडा. ठाणे आणि नवी मुंबईत त्यांना तोटा नाही. ठाणे स्टेशनाबाहेरच्या सॅटिस पुलाखालची रिक्षाची रांग, ट्रान्स हार्बर म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलचे फलाट, जांभळी नाक्यावरचा बाजार, संध्याकाळी तलावपाळीला गोल फिरणारी मंडळी. वाशी-नेरुळच्या सोसायट्यांत वॉचमनच्या टेबलावर पाहुण्यांची वही असते. सही करायच्या आधी माणूस वरच्या चार ओळी वाचून घेतो, कोण कोणाकडे आलं होतं ते बघतो आणि मग पेन शोधतो. एका वहीवर एक अख्खा लेख होतो.

सण, लग्न, मिरवणूक या जागा नवशिक्याने टाळाव्यात. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत प्रत्येकाला आपण दिसतोय याची जाणीव असते, त्यामुळे हातही तोंडासारखाच वागतो. अपघात, भांडण, दवाखान्याचा वॉर्ड हेही टाळा. तिथे माणूस मोठ्या गरजेत असतो, आणि मोठ्या गरजेतल्या माणसाच्या खोडीवर लिहिणं निर्दयपणाचं आहे.

टिपण कसं ठेवायचं

खिशात मावेल अशी वही किंवा फोनमधलं नोट्सचं पान, काहीही चालेल. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात : वेळ आणि जागा, तोंडचं वाक्य, हाताची कृती, आणि त्या क्षणी हातात असलेली वस्तू. पाचवी गोष्ट, म्हणजे तुमचं मत, तेव्हा लिहायचं नाही. मत लगेच लिहिलं की घरी आल्यावर फक्त मत आठवतं, माणूस आठवत नाही.

नोंद १० मिनिटांच्या आत झाली पाहिजे. कारण आठवण वाक्याला इस्त्री करते. ‘ओ दादा, सरका की वाईच’ हे संध्याकाळपर्यंत ‘जरा सरकता का’ होतं, आणि त्यातला माणूस निघून जातो. म्हणून वाक्य ऐकू आलं तसंच उतरवा, हिंदी मिसळलेलं असेल तर हिंदीसकट.

दिवसाला दोन-तीन नोंदी पुरतात. तीन आठवड्यांत ४० ते ६० होतात, त्यातून दोन लेख निघाले तरी पुष्कळ. टक लावून बघू नका आणि फोनवर फोटो किंवा आवाज घेऊ नका. परवानगीशिवाय कोणाचं चित्रण करणं चुकीचं आहेच, शिवाय फोटो काढला की डोळा आळसावतो, बघायचं काम फोनवर सोपवून मोकळा होतो.

निवड

सगळ्या नोंदी एकदा सलग वाचा. एकच खोड तीन वेगवेगळ्या माणसांत, शक्यतो वेगवेगळ्या वयांत दिसली, तर ती स्फुटाला लायक. एकाच माणसात दिसली तर ते व्यक्तिचित्र, त्याची वाट वेगळी.

मग एक कसोटी लावा. ‘लोक’ हा शब्द न वापरता पहिला परिच्छेद लिहून बघा. जमला नाही तर समजा, तुम्हाला राग आलेला आहे. राग खरा असेल, पण त्याची जागा सोसायटीच्या सभेत किंवा संपादकांना लिहिलेल्या पत्रात आहे. स्फुट लिहिणारा रांगेच्या बाहेर उभा राहून बोलत नाही, तो रांगेत सातवा असतो.

एक टिपण आणि त्याचा परिच्छेद

चौथ्या सीटचं उदाहरण घेऊ. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसतो, हे ठाण्यात कोणाला समजवावं लागत नाही. टिपण असं असेल :

स. ८.४०, ठाणे–पनवेल. कडेला बसलेला, बॅग शेजारी. चौथे काका, हातात डबा. कडेचा : ‘बसा की.’ बॅग उचलून मांडीवर. स्वतः जागचा हलला नाही. काका अर्धे बसले, उजवा पाय बाहेर. ऐरोली : खिडकीवाला उतरला, सगळे आत सरकले. काका तिसरे. डबा शेजारी. नवा मुलगा. काका : ‘बस ना बाळा.’ डबा मांडीवर.

यावरून बहुतेक जण पहिल्या फटक्यात लिहितात ते असं : ‘आजकाल माणसं फार स्वार्थी झाली आहेत. लोकलमध्ये कोणी कोणाला जागा देत नाही.’ यात चूक अशी की टिपणातलं काहीच वापरलेलं नाही. हे वाक्य घरी बसूनही लिहिता आलं असतं. शिवाय ते खोटंही आहे, कारण कडेचा ‘बसा की’ मनापासून म्हणाला होता.

आता टिपणाला धरून :

‘बसा की,’ कडेचा म्हणाला आणि शेजारची बॅग उचलून त्याने मांडीवर घेतली. बॅगेची जागा बॅगेएवढीच होती. काका तिथे मावतील तेवढे बसले, उरलेले काका उजव्या पायावर उभेच राहिले. ऐरोलीला खिडकी रिकामी झाली. सगळे एकेक जागा आत गेले, काका नीट टेकले, डबा शेजारी ठेवला. समोर एक मुलगा येऊन उभा राहिला. ‘बस ना बाळा,’ काका म्हणाले आणि डबा उचलून त्यांनी मांडीवर घेतला.

इथे बघायच्या गोष्टी तीन. पहिली म्हणजे ‘आणि’. तोंड आणि हात जोडताना ‘पण’ वापरू नका. ‘बसा की म्हणाला, पण बॅगच उचलली’ असं लिहिलं की लेखक न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. ‘आणि’ दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो आणि वाचणारा स्वतः बघतो. ‘म्हणता म्हणता’ हा जोडही तितकाच चांगला.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. मराठीत ‘सरकणे’ वेगळं आणि ‘सरकवणे’ वेगळं. या प्रसंगाचं सगळं मर्म एवढ्याशा फरकात आहे : सीटवरचा माणूस सरकत नाही, सामान सरकवतो. लेखाचं शीर्षक बहुतेक वेळा अशा क्रियापदांच्या जोडीत दडलेलं असतं. घेणे-घेववणे, विसरणे-विसरवणे, थांबणे-थांबवणे या जोड्या टिपणांवर लावून बघा.

तिसरी, वळण. काका चौथे होते तोवर ते सोसणारे होते, तिसरे झाल्यावर सोसायला लावणारे झाले. हे वळण टिपणातच होतं, रचावं लागलं नाही. वळण टिपणात नसेल तर ओढूनताणून आणू नका, नोंद बाजूला ठेवा. ते बहुधा दुसऱ्या एखाद्या दिवशी दुसऱ्याच स्टेशनावर मिळतं.

मोजमाप

७०० शब्दांचा लेख धरला तर पहिला प्रसंग १५० शब्दांत, दुसरा १५०, तिसरा १००. त्यानंतर १०० शब्द स्वतः त्या खोडीत कुठे बसता याला. विचार, म्हणजे ‘असं का होतं’ हा भाग, ८०च्या वर जाऊ देऊ नका. उरलेले शब्द एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्यात जातात. विचाराचा भाग फुगला की लेखाचं प्रवचन होतं. त्याची खूण म्हणजे ‘आपण सगळेच’ हे शब्द. ‘आपण’ लेखात एकदा शोभतो, चौथ्यांदा आला की वाचणारा उठून जातो.

सुरुवातीला घासलेली वाक्यं नकोत. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’, ‘परवाचीच गोष्ट’, ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’. ती चुकीची नाहीत, पण ती वाचताना डोळा पुढे सरकत नाही, घसरतो. थेट वस्तूपासून सुरू करा : डबा, बॅग, वही, बटण.

गावाची माहितीही जपून वापरा. ठाण्याचा माणूस रेल्वेवर लिहायला बसला की १६ एप्रिल १८५३ आणि बोरीबंदर–ठाणे ही पहिली गाडी हटकून येते. आपला अभिमान खरा आहे, पण चौथ्या सीटच्या लेखात त्या गाडीला जागा नाही. उलट स्टेशनांचा क्रम मात्र चोख हवा. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, आणि पुढे एक वाट सानपाडा-वाशीला, दुसरी जुईनगर-नेरुळकडे. दिघा गाव २०२४मध्ये सुरू झालं, म्हणून त्याआधीच्या प्रसंगात ते आलं की नेहमीचा प्रवासी तिथेच थांबतो, आणि मग बाकीच्या लेखावरचा त्याचा विश्वासही उडतो. क्रम नीट असेल तर तो फुकटचं घड्याळ होतो. ‘रबाळे गेलं’ म्हटलं की किती वेळ झाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

बोली

टिपणात ज्याचं वाक्य त्याच्याच बोलीत. नवी मुंबईच्या गावांत आगरी, भाजी बाजारात घाटावरची मराठी, रिक्षात हिंदी-मराठीची सरमिसळ. लेखात मात्र बोलीतला एक शब्द पुरतो. सगळं वाक्य बोलीत घातलं आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं की बोलणारा माणूस हसण्याचा विषय होतो, आणि ते तुमच्या मनात नसलं तरी तसंच वाचलं जातं. काका, मावशी, दादा, ताई ही हाक जशी ऐकली तशी ठेवा, कारण कोणी कोणाला काय म्हणतं यातच अर्धं नातं असतं. फलाटावर पहिल्यांदा ‘काका’ अशी हाक ऐकणाऱ्या पुरुषाचा हात कुठे जातो, केसांकडे की शर्टाच्या कॉलरकडे, हे टिपून बघा.

‘होतं’ लिहिणार असाल तर शेवटपर्यंत ‘होतं’. मध्येच ‘होते’, ‘असे’, ‘त्यामध्ये’ आलं की आवाज बदलतो, जणू दुसराच कोणी बोलायला लागला. ‘च’ आणि ‘ही’ मोजा. पानाला तीन ‘च’ पुष्कळ झाले.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठा बिघाड म्हणजे आपल्यापेक्षा कमी पगाराच्या माणसांच्या खोडी तेवढ्या दिसणं. वहीत रिक्षावाले, वॉचमन, कामाच्या मावशी यांच्याच नोंदी जमल्या असतील तर पुढचा आठवडा त्यांच्यावर एकही ओळ लिहू नका. सोसायटीचे पदाधिकारी, ऑफिसातले साहेब, कवितेच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेले लेखक बघा. खोड सगळीकडे सारखी असते, तिकडे ती झाकायची सोय जास्त असते.

दुसरा बिघाड ओळख पटण्याचा. एका इमारतीत ‘तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले’ म्हटलं की नाव लिहायची गरज उरत नाही. मजला बदला, व्यवसाय बदला, जमलं तर स्त्रीचा पुरुष करा. हाताची कृती तेवढी बदलू नका, लेख तिच्यावर उभा आहे. घरातल्या माणसावर लिहिलं असेल तर आधी त्यालाच वाचून दाखवा.

लिहून झाल्यावर चार दिवस कागद बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. ७०० शब्दांना साधारण सहा मिनिटं लागतात. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा, जिथे स्वतःचा आवाज भाषणाचा होतो ती ओळ काढा. शेवटी शेवटचा परिच्छेद बोटाखाली झाकून बघा. दहापैकी सात वेळा लेख त्याच्या आधीच संपलेला असतो.

जुने नमुने बघायचे असतील तर १८९३पासून चालू असलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. जुन्या लेखात पहिल्या माणसाचं पहिलं वाक्य येईपर्यंत किती ओळी जातात, एवढंच मोजा.

पहिल्या आठवड्यासाठी विषय

दारातला निरोप घ्या. मराठी पाहुणा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि एक चप्पल पायात, दुसरी अजून कोपऱ्यात, असा उभा राहतो. टिपायचं ते हे : ‘येतो’ किती वेळा म्हटलं, कोणत्या ‘येतो’ला दुसरी चप्पल पायात गेली, यजमानाचा हात दाराच्या कडीवर कधी गेला, लिफ्ट किती वेळा येऊन परत गेली, आणि खरं बोलायचं होतं ते वाक्य कोणत्या क्षणी निघालं. तीन घरांतले तीन निरोप जमवा. आणि जिथे यजमान तुम्ही असाल, तिथे दार लागल्यावर आतल्या खोलीतून पहिलं वाक्य काय येतं, तेही लगेच लिहून घ्या.