पश्चात्ताप नसलेला खलनायक लिहिताय? या चुका टाळा

परवा एका क्राइम मालिकेचे चार एपिसोड वाचायला आले. पहिल्यात खलनायक तीन माणसं मारतो, दुसऱ्यात शेजाऱ्याचं कुत्रं मारतो, तिसऱ्यात आरशासमोर उभा राहून एकटाच हसतो. चौथ्यापर्यंत मी पानं वाचायची सोडून किती उरली ते मोजायला लागलो होतो. लेखकाचा प्रश्न साधा होता: "एवढं करतोय तरी तो अंगावर येत नाही. अजून काय करायला लावू?"

घोळ त्या 'अजून'मध्येच आहे. पश्चात्ताप नसणं ही करून दाखवायची गोष्ट नाही. जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे ते नसतं, एवढंच. अंधारात जिना उतरताना पायाखाली पायरी लागली नाही की पोटात गोळा येतो, तसं ते जाणवावं लागतं. आणि त्यासाठी आधीच्या पायऱ्या नीट बांधलेल्या असाव्या लागतात.

मुडदे वाढवून दुष्टपणा वाढत नाही

यावर फार बोलण्यासारखं नाही. पहिला खून प्रेक्षकाला हलवतो, पाचवा आकडा होतो. रक्त, करवत, तळघर हा खर्च दिग्दर्शकाला करू द्या. तुमच्या हातात त्याहून स्वस्त आणि जालीम हत्यार आहे: खुनानंतरचा रिकामा वेळ.

त्या मालिकेत आम्ही एक सीन बदलला, तो सांगतो. खलनायकाने शेजाऱ्याला मारून तीन दिवस झालेत, प्रेत सापडलेलं नाही. शेजाऱ्याची बायको दार वाजवते. हातात 'हरवले आहेत' असा कागद.

"भाऊजी, हे जरा बघता का? छापायला टाकायचंय."

तो चष्मा लावतो, सावकाश वाचतो, खिशातून पेन काढतो.

"वहिनी, 'उंची'ची वेलांटी दुसरी हवी. आणि फोन नंबर मोठा करा, लांबून दिसला पाहिजे."

"तुमचं किती लक्ष असतं."

"चुकीचं छापलं की माणसं वाचत नाहीत."

बस्स. तो हसत नाही, कॅमेऱ्याकडे बघत नाही, ती गेल्यावर दाराला टेकून उसासाही टाकत नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर 'सूचक स्मित' होतं. ते काढलं आणि सीन उभा राहिला. स्मित ठेवलं तर तो तिची चेष्टा करतोय असं होतं, म्हणजे तिचं दुःख निदान त्याच्या हिशेबात आहे. खरी भीती अशी की ते हिशेबातच नाही. त्याला वेलांटी चुकलेली दिसली, म्हणून त्याने ती दुरुस्त केली.

त्याला दगड करू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो. पश्चात्ताप नाही म्हणजे भावनाच नाहीत असं धरून लेखक एक मख्ख चेहऱ्याचा, हळू बोलणारा पुतळा उभा करतात. पुतळ्याची भीती दोन सीन टिकते.

आपल्याकडे अशा माणसाला 'उलट्या काळजाचा' म्हणतात. शब्द नीट ऐका. काळीज आहे, उलटं आहे. त्याची सगळी दुखरी बाजू स्वतःकडे वळलेली आहे. स्वतःचा अपमान, स्वतःची गैरसोय, स्वतःचं बोट कापलं तर तो कळवळतो. दुसऱ्याच्या बाबतीत तीच तार वाजतच नाही.

याचं मला आठवणारं सगळ्यात उघडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅन्सस राज्यातल्या विचिटा परिसरात 1974 ते 1991 या काळात डेनिस रेडरने दहा जणांचे खून केले. बाहेरून पाहिलं तर चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष, घरात बायको-मुलं. खून केलेल्या माणसांचा उल्लेख तो 'प्रोजेक्ट' म्हणून करायचा. अनेक वर्षं गप्प राहून 2004मध्ये त्याने पुन्हा पोलिसांना आणि माध्यमांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. मग त्याने पोलिसांनाच विचारलं की फ्लॉपीवरून मजकूर पाठवला तर माझा माग लागेल का, खरं सांगा. पोलिसांनी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देऊन कळवलं की काही हरकत नाही. त्याने फ्लॉपी पाठवली. तिच्यातल्या पुसलेल्या फाइलमध्ये चर्चचं नाव आणि 'डेनिस' हे नाव सापडलं, आणि फेब्रुवारी 2005मध्ये तो पकडला गेला. त्यानंतर तपास अधिकाऱ्याला त्याने जे विचारलं ते प्रत्येक पटकथालेखकाने भिंतीवर लावावं असं आहे: तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात?

दहा जीव घेतलेला माणूस विश्वासघात झाला म्हणून दुखावलेला आहे, आणि त्याचं ते दुखावणं खोटं नाही. हा प्रश्न कोणी काल्पनिक खलनायकाच्या तोंडी घातला असता तर आपण म्हणालो असतो, जरा अतीच झालं.

दुरुस्ती सोपी आहे. खलनायकाला एक खरी, क्षुल्लक जखम द्या आणि ती त्याच्या गुन्ह्याच्या शेजारी ठेवा. त्याची जागा कोणी घेतली, त्याचं नाव चुकीचं उच्चारलं, रांगेत त्याच्या पुढे कोणी घुसलं. अशा वेळी त्याचा आवाज चढू द्या. खुनाच्या वेळी मात्र नको.

याला जोडूनच आणखी एक गैरसमज. सहानुभूती नाही म्हणजे त्याला दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही, असं नाही. समोरच्याला काय वाटतंय हे ओळखणं वेगळं आणि ते आपल्यालाही थोडं लागणं वेगळं. पहिलं त्याच्याकडे भरपूर असू शकतं. वहिनींना कुठल्या शब्दाने धीर येईल हे त्याला त्यांच्या सख्ख्या भावापेक्षा चांगलं कळतं. तो शब्द तो वापरतोही, किल्लीसारखा.

'सायको' नावाची खिचडी

बोलताना आपण 'सायको' म्हणून मोकळे होतो, पण त्या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. सायकोसिसमध्ये माणसाचा वास्तवाशी संबंध सुटतो. आवाज ऐकू येतात, भ्रम होतात. सायकोपथीत असं काही नसतं. माणसाला सगळं लख्ख कळत असतं, फक्त त्याचं काही वाटत नाही. पटकथेत दुसऱ्या एपिसोडात थंड डोक्याने आखणी करणारा माणूस सहाव्यात भिंतीशी बोलायला लागला, तर तुम्ही त्याला आजारी केलंत आणि त्याच्या दुष्टपणातली हवाही काढलीत. शिवाय मानसिक आजाराशी झगडणाऱ्या, कुणाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसांवर फुकटचा डाग लावलात, तो वेगळाच.

सायकोपथी तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी केलेली लक्षणांची यादी हल्ली लेखकांच्या फार हाती लागते. 20 मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 2 गुण, एकूण 40. प्रशिक्षित माणसाने मुलाखत आणि जुने कागदपत्र तपासून वापरायचं ते साधन आहे. लेखक मात्र वीसही खुणा करून 'पात्र तयार' म्हणतो. मग ते पात्र तक्त्यासारखंच बोलतं. त्यातले तीन-चार मुद्दे घ्या आणि उरलेली जागा माणसासाठी सोडा.

बालपणाची रडकथा

सातव्या एपिसोडात फ्लॅशबॅक येतो. बाप मारतोय, पोरगं पलंगाखाली लपलंय, मागे पियानो. हा फ्लॅशबॅक नकळत खलनायकाची वकिली करतो. हालात वाढलेली बहुसंख्य मुलं मोठेपणी कुणाचा जीव घेत नाहीत, त्यामुळे तो पुरावा म्हणूनही लंगडा आहे. अंथरूण ओलं करणं, आगी लावणं, प्राण्यांना छळणं ही 'तीन लक्षणं' तर मालिकांमध्ये शिक्क्यासारखी मारली जातात. 1963मध्ये मॅकडॉनल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने ती मांडली. त्यांच्यावरून पुढचा खुनी ओळखता येतो, हे नंतरच्या संशोधनात काही टिकलं नाही.

भूतकाळ वापरायचाच असेल तर तो खलनायकाच्या हातात द्या. तपास करणाऱ्या बाईला तो सांगतो, बाप दारू पिऊन मारायचा. वकिलाला सांगतो, बाप लहानपणीच गेला. तिसऱ्या ठिकाणी म्हातारा बाप स्वतः दार उघडतो, धडधाकट, आणि मुलाची आठवण काढून डोळे पुसतो. आता प्रेक्षकाकडे कारण नाही, आणि कारण शोधायची खोडही सुटत नाही.

भाषण ठोकणारा खलनायक

"हे जग लांडग्यांचं आहे, इन्स्पेक्टर..." असं सुरू होणारं पान दिसलं की मी आधी ते फाडतो, मग बाकीचं वाचतो.

त्यामागे निव्वळ कंटाळा नाही. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1957मध्ये गुन्हा करणारा स्वतःची समजूत कशी घालतो याचे पाच प्रकार सांगितले. माझ्या हातात काही नव्हतं. कुणाचं फार बिघडलं नाही. त्याची तीच लायकी होती. मला बोलणारे तुम्ही कोण? आणि, मी हे माझ्या माणसांसाठी केलं. यातली गंमत अशी की ज्याला मुळात बोचतं तोच समजूत घालतो. म्हणजे तुमचा खलनायक तावातावाने समर्थन करायला लागला की त्याने आतली सल कबूल केलीच.

म्हणून ही पाचही वाक्यं त्याच्या साथीदाराला द्या. गाडी चालवणारा, दार उघडून देणारा, प्रेताचे पाय धरणारा माणूस. त्याची झोप उडालेली असते, त्याला बोलावंसं वाटतं. मुख्य माणसाला नाही. आणि इथे मराठी तुमच्या मदतीला येते. साथीदार म्हणेल, "त्याला मारावं लागलं." त्या 'लागलं'मध्ये सक्ती आहे, म्हणजे सुटकेची धडपडही आहे. खलनायक म्हणेल, "मारलं. मग गाडीत पेट्रोल भरलं." दोन क्रियापदं, दोघांचं वजन सारखं. एवढा फरक पानभर संवादांपेक्षा जास्त काम करतो. साथीदार 'ते झालं', 'तो प्रकार' असं आडून बोलेल. खलनायकाला आडपडद्याची गरजच नसते, कारण त्याच्या दृष्टीने झाकण्यासारखं काही घडलेलं नाही. पोलिसांपुढे तो अर्थातच खोटं बोलेल. ते पकडलं जाऊ नये म्हणून, लाज वाटते म्हणून नाही. नटाला हा फरक आधीच सांगून ठेवा.

प्रत्येक वेळी दहा पावलं पुढे

सगळं आधीच ओळखणारा महाबुद्धिमान खलनायक लिहायला मजा येते, पण शेवटी त्याला पकडायला योगायोग आणावा लागतो. त्याचा दोष त्याच्या दुष्टपणाच्याच मुळातून काढा: इतरांची किंमत नसलेला माणूस इतरांना मूर्खही समजतो. इंग्लंडमधला डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन आपल्या रुग्णांना मारत होता. 2000 साली 15 खुनांसाठी त्याला शिक्षा झाली. पुढच्या चौकशीत बळींचा आकडा 215वर गेला. तो अडकला एका वृद्ध रुग्णाच्या मृत्युपत्रामुळे. ते बनावट मृत्युपत्र त्याच्याच टाइपरायटरवर टाइप झालेलं, सगळी मालमत्ता त्याच्या नावे, आणि त्या बाईंची मुलगी स्वतः वकील. इतका ढिसाळपणा इतक्या सावध माणसाने का केला? आपल्या कामात कुणी नाक खुपसेल असं त्याला वाटलंच नसावं, असं मला वाटतं. रेडरची फ्लॉपी त्याच जातीची.

मेलेला माणूस फक्त प्रेत असतो

खलनायकावर चाळीस पानं, बळीवर एक खडूची रेघ. मग दुष्टपणा मोजायचा कशावर? मेलेल्या माणसाचं एखादं अर्धवट काम पडद्यावर राहू द्या. आमच्या शेजाऱ्याने गच्चीवर दोरी बांधायला घेतली होती, एक टोक बांधलेलं, दुसरं लोंबतंय. आठव्या एपिसोडात खलनायक ते दुसरं टोक बांधतो आणि त्यावर आपला टॉवेल वाळत घालतो. त्या टॉवेलवरून आमच्यात तासभर वाद झाला. एकाला तो फारच सूचक वाटत होता. मी ठेवायला लावला.

शेवटचे अश्रू, किंवा शेवटचं हसू

दोन्ही सारखीच चूक. रडवलात तर दहा एपिसोडांचं केलेलं पाण्यात जातं. गडगडाटी हसवलात तर तो पुन्हा पहिल्या ड्राफ्टमधल्या आरशासमोर जाऊन उभा राहतो. शिपमनने शेवटपर्यंत गुन्हा कबूल केला नाही. जानेवारी 2004मध्ये तुरुंगात आत्महत्या केली. मागे राहिलेल्यांना 'का' याचं उत्तर मिळालंच नाही. प्रेक्षकाला ते द्यायची घाई तुम्हीही करू नका.

आमच्या मालिकेचा शेवट तीनदा लिहिला. आता असा आहे: ठाण्यात जबाबावर सह्या होतात. बाजूच्या बाकावर वहिनी बसलेल्या. त्याला दोन हवालदार बाहेर नेतात. दाराशी तो थांबतो, वळतो. वहिनी उठून उभ्या राहतात. सगळी खोली गप्प होते; आता हा काहीतरी बोलणार, निदान त्यांच्याकडे बघणार.

"साहेब," तो टेबलाकडे बोट दाखवतो, "माझं पेन राहिलं."