हौशी रीमिक्सवर अभिप्राय कसा द्यावा आणि त्यातून चाल बांधायला कसे शिकावे

गणपतीच्या मिरवणुकीत किंवा हळदीच्या कार्यक्रमात वाजणारी कोळीगीतांची, लावण्यांची आणि भक्तिगीतांची रीमिक्स पुष्कळदा घरच्या संगणकावर, एफएल स्टुडिओ किंवा रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, संगीताचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या मुलामुलींनी तयार केलेली असतात. त्यांना मिळणारा प्रतिसाद बहुधा दोनच प्रकारचा असतो: ‘कडक झालंय’ किंवा ‘चांगल्या गाण्याची वाट लावली’. पहिल्याने मन सुखावते, दुसऱ्याने दुखावते, पण पुढच्या वेळी नेमके काय वेगळे करायचे हे दोन्हींतून कळत नाही. उपयोगी अभिप्रायात तीन गोष्टी असाव्या लागतात: गाण्यातले ठिकाण, तेथे ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम आणि त्या परिणामाचे संभाव्य कारण. यांपैकी तिसरी गोष्ट शोधायला बसले की करणाऱ्याने घेतलेला प्रत्येक निर्णय आपल्याला मनात पुन्हा घेऊन पाहावा लागतो, आणि म्हणूनच रचना शिकू इच्छिणाऱ्याने आधी इतरांच्या कामावर मन लावून अभिप्राय द्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

ऐकण्यापूर्वी करणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात. हे काम कच्चे आहे की पूर्ण झाले आहे, आणि ते कोठे वाजावे अशी अपेक्षा आहे? मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरसाठी केलेल्या रीमिक्सला ‘बारकावे नाहीत’ असे म्हणणे अन्यायाचे आहे; हेडफोनवर ऐकण्यासाठी केलेल्या कामात मात्र तीच तक्रार रास्त ठरू शकते. पहिल्यांदा ऐकताना काहीही लिहू नये, फक्त लक्ष कोठे उडाले आणि कोठे परत आले याची मनात नोंद ठेवावी. दुसऱ्यांदा मिनिट आणि सेकंद लिहून घेत ऐकावे. तिसऱ्यांदा फोनच्या स्पीकरवर ऐकावे, कारण इतक्या लहान स्पीकरमधून 50 ते 60 हर्ट्झचा खर्ज जवळजवळ बाहेरच पडत नाही, आणि ज्या रीमिक्सचा सगळा जोर त्या खर्जावर आहे ते तेथे एकदम पोकळ वाटू लागते. मूळ गाण्याशी तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. किंचित मोठ्याने वाजणारी गोष्ट कानाला अधिक चांगली भासते आणि या भ्रमातून अनुभवी कानही सुटत नाहीत.

मराठी गाण्यांच्या रीमिक्समध्ये सर्वाधिक पडझड होते ती तालात, म्हणून तेथे जरा जास्त वेळ द्यावा. नाचाच्या संगीतात किक ड्रम (खर्जातला ‘धम्’ असा ठोका) चारही ठोक्यांवर समान अंतराने पडतो आणि गती बहुधा मिनिटाला 120 ते 128 ठोके असते. मूळ गाणे 8 मात्रांच्या (मात्रा म्हणजे ताल मोजण्याचे एकक) केरवा तालात असेल तर हा साचा सहज बसतो. पण गाणे 6 मात्रांच्या दादरा तालात असेल आणि त्यावर दर दोन मात्रांनी किक ठेवला, तर दादऱ्याचे तीन-तीन मात्रांचे दोन भाग मोडतात, चौथ्या मात्रेचे वजन नाहीसे होते आणि शब्द भलत्याच जागी आपटू लागतात. अशा वेळी ‘ताल चुकला’ एवढे सांगून भागत नाही. दादऱ्याच्या पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर किक ठेवला तर दोन आवर्तनांच्या, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांच्या, 12 मात्रांत बरोबर चार किक येतात. म्हणजे नाचाचा चार ठोक्यांचा साचाही टिकतो आणि दादराही टिकतो. मात्रांची गती मिनिटाला 375 असेल तर किकची गती 125 होईल. मात्र मग हाय-हॅटनेही (ड्रमसंचातल्या झांजांच्या जोडीनेही) प्रत्येक किकमध्ये तीन समान ठोके वाजवायला हवेत; दोन किंवा चार वाजवले की तबल्या-ढोलकीशी त्याची ओढाताण सुरू होते. हे सगळे तुम्हाला अभिप्रायात लिहिता आले, तर तालाचा असा एक भाग तुमच्या हाताला लागला आहे जो पुढे स्वतःची चाल बांधताना रोज उपयोगी पडेल.

जुन्या ध्वनिमुद्रणांत आणखी एक अडचण असते. सगळे वादक एकत्र बसून, यांत्रिक ठोक्याचा आधार न घेता वाजवत असत, त्यामुळे अंतऱ्यात गती किंचित वाढते आणि मुखड्यावर परतताना ती सैल होते. संगणकाच्या काटेकोर ठोक्यावर असे गाणे ठेवले की पहिल्या ओळीला जुळलेला किक तिसऱ्या ओळीपर्यंत मागे पडतो. कोणत्या सेकंदापासून फरक जाणवू लागतो तेवढे सांगितले तरी करणाऱ्याचा बराच वेळ वाचतो. गायनाचा आवाज सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला असेल आणि तो पाण्याखालून आल्यासारखा वाटत असेल, तर तेही स्पष्ट सांगावे. अशा आवाजावर आणखी रिव्हर्ब (घुमल्यासारखा परिणाम) चढवून दोष झाकला जात नाही. त्यापेक्षा त्या ओळीखाली मूळ ध्वनिमुद्रण हलके ठेवून पाहा, असे सुचवावे.

स्वरांबाबतचा अभिप्राय देण्यासाठी हार्मोनियम किंवा साधा कीबोर्ड जवळ असावा. प्रथम गाण्याची पट्टी, म्हणजे त्याचा सा ज्या सुरावर आहे तो सूर, शोधावी: काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. मग रीमिक्समधला बेस (खालचे स्वर) आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) त्याच पट्टीत आहेत का ते पाहावे. जुनी मुद्रणे अनेकदा पट्टीपासून थोडी चढी किंवा उतरी असतात आणि संगणकातले सिंथ (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्वर निर्माण करणारे वाद्य) मात्र नेमक्या सुरात असतात. ‘काहीतरी बेसूर वाटते, पण कळत नाही’ या भावनेमागे पुष्कळदा एवढेच कारण असते आणि सिंथ थोडा चढवून किंवा उतरवून ते दूर होते. त्याहून अवघड प्रश्न कॉर्डचा आहे. भैरवी रागाच्या अंगाच्या चालीखाली सा-ग-प असा मेजर कॉर्ड ठेवला की त्यातला शुद्ध गंधार (ग) आणि गायकाचा कोमल गंधार एकमेकांवर आदळतात. भूप रागाच्या अंगाच्या चालीला हाच कॉर्ड शोभतो. ध-सा-ग हा मायनर कॉर्डही चालतो. पण प-नी-रे घेतला की चालीत नसलेला निषाद येतो आणि म-ध-सा घेतला की मध्यम येतो. असा स्वर आणण्याला मी दोष म्हणणार नाही, कारण कधी कधी त्यानेच नवा रंग चढतो. तो जाणूनबुजून आणला आहे की हाताखाली आला म्हणून राहिला आहे, हे मात्र करणाऱ्याला विचारावे. पिच सुधारण्याच्या सॉफ्टवेअरने गायकाची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) पायऱ्यापायऱ्यांची झाली असेल, तर त्याबद्दल ठामपणे बोलावे. मींड गेली की बहुतेक मराठी चालींचा अर्धा भाव जातो.

ध्वनिमिश्रणाबद्दल थोडक्यात. किक, बेस आणि ढोलकीचा खर्जाचा ठोका एकाच वेळी वाजत असतील तर तिघांपैकी एकाला जागा सोडावी लागते. शब्द ऐकू येत नसतील, तर गायनाचा आवाज वाढवण्यापूर्वी त्याच उंचीच्या स्वरांत वाजणारे वाद्य कमी करून पाहावे.

आता हे शब्दांत कसे मांडावे? अनोळखी व्यक्तीला ‘तुम्ही’च म्हणावे, मग ती वयाने कितीही लहान वाटो. सर्वांत मोठी एक गोष्ट आधी सांगावी आणि एका वेळी तीनपेक्षा अधिक सूचना देऊ नयेत; दहा सूचना मिळालेला माणूस बहुधा त्यांतली सोपी एक करतो आणि महत्त्वाची सोडून देतो. ‘सिंथ त्रास देतो’ याऐवजी असे लिहावे: ‘1:12 ला अंतरा सुरू होतो, तेथे सिंथची सुरावट गायिकेच्याच सप्तकात आहे, त्यामुळे दुसऱ्या ओळीचे शब्द मला कळले नाहीत. ती एक सप्तक खाली घेऊन किंवा दोन ओळींच्या मधल्या जागेत ठेवून पाहाल का?’ जे आवडले तेही इतक्याच नेमकेपणाने सांगावे, कारण आपले काय जमले हे हौशी माणसाला सहसा ठाऊक नसते आणि पुढच्या कामात तो नेमके तेच काढून टाकतो. आपली आवड आणि कामातला दोष हे वेगळे ठेवावेत. लावणीवर इलेक्ट्रॉनिक ठोका नकोच, असे तुमचे मत असेल, तर त्या रीमिक्सवर अभिप्राय न देणेच बरे.

काम प्रसिद्ध होणार असेल तर हक्कांचा उल्लेख अवश्य करावा. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतो. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असून कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे राहतात.

अभिप्रायाकडून रचनेकडे जाताना एकदम नवे गाणे करायला बसू नये. तुम्ही ज्यावर लिहिले आहे असे एक रीमिक्स घ्यावे आणि त्याचा आराखडा कागदावर मांडावा: मुखडा किती आवर्तनांचा, अंतरा किती, कोणते वाद्य कोठे येते आणि कोठे थांबते. मग फक्त गायन ठेवून त्याखाली केवळ दोन स्वरांचा बेस स्वतः बांधावा. दोनच स्वर असल्यामुळे ते कधी बदलायचे यावरच सगळे लक्ष जाते, आणि शिकण्याजोगी गोष्ट तीच आहे. त्यानंतर गायन काढून टाकावे आणि उरलेल्या सांगाड्यावर आपली सुरावट गुणगुणावी.

पुढची पायरी संतांच्या अभंगांची. त्यांच्या शब्दांवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही, आणि मोठ्या अभंगाची 6, 6, 6 आणि 4 अक्षरांची चरणरचना नवशिक्याला फार मोठा आधार देते. प्रचलित चाल मनातून दूर ठेवण्यासाठी कधीही न ऐकलेला अभंग निवडावा. तो प्रथम केवळ टाळी देत वाचावा, मग एकदा केरव्यात आणि एकदा दादऱ्यात म्हणून पाहावा. शेवटच्या चरणात दोन अक्षरे कमी आहेत. ती उरलेली जागा स्वर लांबवून भरायची, रिकामी ठेवायची, की तेथे एखाद्या वाद्याचा तुकडा घालायचा, हा प्रश्न सोडवताना चालीचा स्वभाव ठरू लागतो. पाच स्वरांपलीकडे सुरुवातीला जाऊ नये.

चाल तयार झाली की ती वाद्यमेळाशिवाय, हार्मोनियम आणि आवाज एवढ्यावरच मुद्रित करावी आणि ज्याच्या रीमिक्सवर तुम्ही अभिप्राय दिला होता त्यालाच पाठवावी. सोबत ‘कशी वाटली?’ असे विचारू नये. ‘दुसऱ्या चरणाच्या शेवटी चाल सा वर येऊन थांबते; तेथे गाणे संपल्यासारखे वाटते का?’ असे विचारावे, आणि उत्तर ‘हो’ आले तर तो चरण रे वर किंवा प वर सोडून पुन्हा गाऊन पाहावा.