पोर्टेड बॉक्स शिकताय? आधी लिटर मोजा, मग करवत उचला

कार ऑडिओच्या कामात नवीन मुलं बहुतेक वायरिंगपासून सुरुवात करतात. दरवाज्याचं पॅनल उघडायचं, बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाड वायर ओढायची, फ्यूज लावायचा. पुण्यातल्या एका अॅक्सेसरीजच्या दुकानात मीही हेच करत होतो. सबवूफरचे, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, बॉक्स बाहेरून तयार यायचे आणि कुठल्याही वूफरला तोच बॉक्स लागायचा. एका गाडीत बेस छातीत भरायचा, दुसरीत नुसता घुमायचा. असं का होतं, याचा पिच्छा पुरवता पुरवता मी बॉक्सच्या कामाला लागलो. ज्यांना हे काम शिकायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठराविक सूर निघतो. पोर्टेड बॉक्स म्हणजे पाइपचं उघडं तोंड (पोर्ट) असलेला वूफरचा बॉक्स, त्याचं तत्त्व तेच. पाइपमधली हवा म्हणजे वजन आणि बॉक्समधली हवा म्हणजे स्प्रिंग. ही जोडी ज्या फ्रिक्वेन्सीला झुलते ते बॉक्सचं ट्यूनिंग. त्या फ्रिक्वेन्सीला वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा पडदा, जवळपास स्थिर असतो आणि बहुतेक आवाज पोर्टमधून येतो. बेस गिटारची सर्वात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणून रोजच्या गाण्यांसाठी मी त्याच्या थोडं खाली, ३४ हर्ट्झच्या आसपास ट्यूनिंग ठेवतो.

हे गणित अंदाजावर सोडावं लागत नाही, त्याचं श्रेय ऑस्ट्रेलियात काम केलेल्या दोघांना जातं. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये त्याचा पाया घातला आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे नेलं. वूफरच्या माहितीपत्रकात एफएस (वूफर मोकळा असताना ज्या फ्रिक्वेन्सीला झुलतो ती), क्यूईएस (कॉइल आणि चुंबक कोनला किती आवरतात त्याचा आकडा), क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे दिसतात, ते या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर ५०च्या जवळ आलं तर तो वूफर बंद बॉक्सला बरा, १००च्या जवळ आलं तर पोर्टेडला. माहितीपत्रकच नसलेला स्वस्त वूफर आला, तर मी पोर्टेड बॉक्स करून देत नाही. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो आणि बंद बॉक्स सुचवतो.

आता एक खरं उदाहरण. बारा इंची वूफर, निव्वळ ५० लिटर हवा, ट्यूनिंग ३४ हर्ट्झ. बाजारात ११० मिमीचा पीव्हीसी पाइप मिळतो. ते बाहेरचं माप आहे, आतलं साधारण १०४ मिमी भरतं, तेव्हा स्वतः मोजून घ्या. या मापाला पाइपची लांबी साडेछत्तीस सेंमी येते, त्यात बॉक्सच्या फळीची जाडीही धरलेली आहे. ७५ मिमीचा पाइप घेतला तर साडेचौदा सेंमीत काम भागतं. नवखा माणूस इथेच खूश होतो. पण त्या पाइपचं तोंड सव्वादोन पट लहान असतं, तेवढ्याच पटीत हवा वेगाने पळते आणि जोरात वाजवल्यावर पोर्ट फुसफुसतो. उलट १६० मिमीचा पाइप घेतला तर लांबी ८० सेंमीच्या पुढे जाते आणि पाइप बॉक्समध्ये मावतच नाही. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आसपास राहिला तर मी निर्धास्त असतो. विनआयएसडी हे फुकट सॉफ्टवेअर तो वेग दाखवतं. ते शिकायला वेळ द्या, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

निव्वळ ५० लिटर हवी असेल तर आतून ५० लिटरचा बॉक्स पुरत नाही. पाइप साडेतीन लिटर खातो, वूफर अडीचेक, आडव्या पट्ट्या दोनेक. म्हणून आतलं माप ५८ लिटर धरायचं, उदाहरणार्थ ६० × ३६ × २७ सेंमी. त्यात १८ मिमीची जाडी वाढवा आणि ते डिक्कीत बसतंय का पाहा. डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर हा हिशोब सगळ्यात आधी. पाइपचं आतलं टोक आणि समोरची भिंत यांत निदान पाइपच्या व्यासाएवढं अंतर ठेवा.

सुतारकामाबद्दल थोडक्यात. काप प्लायच्या दुकानातच मशीनवर मारून घ्या, काटकोन गुण्याने तपासा, फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही वापरा. एमडीएफ मुंबई-कोकणातल्या ओलाव्यात कडेने फुगतं, तिथे मी चांगला प्लाय घेतो. आतल्या सांध्यांना सिलिकॉन भरा, पण व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत वूफर बसवू नका.

पाइप हिशोबापेक्षा तीन सेंमी लांब ठेवा. या बॉक्सला तीन सेंमीने जेमतेम एक हर्ट्झचा फरक पडतो, आणि कापलेला पाइप पुन्हा लांब होत नाही. मग मोबाइलवरून हलक्या आवाजात एकेक हर्ट्झचा सूर वाजवा. कोन ज्या सुराला सर्वात कमी हलतो, ते तुमचं खरं ट्यूनिंग. ते ३३ आलं तर पाइप थोडा थोडा कापत ३४ वर आणा. फळ्यांचा चपटा पोर्ट असेल तर हे मोजमाप टाळूच नका. तो बॉक्सच्या भिंतीला लागून जातो, त्यामुळे हिशोबापेक्षा खाली ट्यून होतो.

ट्यूनिंगच्या खाली गेलं की बॉक्समधली हवा कोनला आवरत नाही, तो मोकाट हलतो आणि वूफर फाटतो. म्हणून अॅम्प्लिफायरचा (अॅम्पचा) सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारी सोय, ३० हर्ट्झच्या आसपास लावा. पुढे कधी दुसरा फिटर अॅम्प बदलेल, त्याला हे कळायला मार्ग नसतो. मी प्रत्येक बॉक्सच्या मागे निव्वळ लिटर, ट्यूनिंग, पाइपची लांबी आणि फिल्टरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवतो, आणि तेच आकडे माझ्या वहीत गाडीच्या मॉडेलसकट उतरवतो.